नगरांची नावे : फर्मानातली आणि ओठांवरची



इसवी सन १७०० च्या एप्रिल महिन्यात, काही महिन्यांच्या वेढ्यानंतर, सातारचा किल्ला औरंगजेबाच्या हाती आला. छत्रपती राजाराम महाराजांचे निधन होऊन जेमतेम महिना-दीड महिना लोटला होता. किल्ला हाती येताच बादशहाने जी कामे केली, त्यातले एक म्हणजे त्याचे नाव बदलणे. शहजादा आझम याच्या नावावरून सातारा 'आझमतारा' झाला. पुढच्या चार वर्षांत हाच क्रम चालू राहिला. विशाळगडाचा 'सखरलना' झाला, सिंहगडाचा 'बक्षिंदाबक्ष' झाला, तोरण्याचा 'फुतूहुल्गैब' म्हणजे दैवी विजय झाला. स्वराज्याची राजधानी रायगड तर त्याआधीच 'इस्लामगड' झाली होती. १७०३ मध्ये बादशहाच्या छावणीचा मुक्काम पुण्यात असताना त्याचा एक नातू तेथे मरण पावला, तेव्हा त्या नातवाच्या नावाने पुण्याचे 'मुहियाबाद' करण्यात आले.

ही सर्व नावे दरबारी कागदांत नोंदली गेली. त्यामागे त्या काळातील जगातील एका अतिबलाढ्य सत्तेची मोहोर होती. आणि तरीही आज या सभागृहातील किती जणांना ही नावे ऐकून माहीत असतील? सातारचा माणूस 'आझमतारा' हा शब्द शाळेच्या पुस्तकातही क्वचितच वाचतो. ताराराणींच्या काळात किल्ला परत घेतला गेला आणि त्याचे नाव 'अजिंक्यतारा' झाले. ते मात्र राहिले. मुहियाबाद हे नाव पुण्याच्या एका पेठेपुरते काही काळ टिकले, आणि तिचीही पुढे बुधवार पेठ झाली. मुर्तजाबादची शनिवार, मलकापूरची रविवार. पेशव्यांनी या पेठांना स्वतःची नावे दिली नाहीत, वारांची दिली, हे जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या नावात कोणाचाच गौरव नाही, अशी ही साधी नावे आज तीन शतके होत आली तरी पुणेकरांच्या ओठांवर आहेत.

तेव्हा नावांचा विचार करताना पहिला प्रश्न हा की, नाव कोण ठेवतो? राजा ठेवतो, असे आपल्याला वाटते. राजा नाव देतो, एवढेच खरे. ते ठेवायचे की नाही हे बाजारात, पाणवठ्यावर, यात्रेच्या वाटेवर ठरते.

हा नियम केवळ परकीय आक्रमकांनाच लागू पडतो, अशी कोणाची समजूत असेल तर तीही तपासून घेतली पाहिजे. शिवछत्रपतींनी अनेक किल्ल्यांना नवी नावे दिली. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला, रायरीचा रायगड झाला, खेळण्याचा विशाळगड झाला. ही नावे समाजाने मस्तकी धारण केली. परंतु तोरण्याचे नाव महाराजांनी 'प्रचंडगड' ठेवले होते. किल्ल्याची उंची आणि विस्तार पाहिला तर नाव अत्यंत समर्पक आहे. महाराजांविषयी ज्यांच्या मनात अपार भक्ती होती त्या मावळातल्या लोकांनीही मात्र त्याला तोरणाच म्हटले, आणि आजही ट्रेकला निघालेली मुले तोरण्यालाच जातात. राज्यव्यवहारकोशाची कथाही अशीच. राज्यकारभारातले फारसी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द आणण्याचा तो थोर उद्योग होता. त्यातले काही रुजले, काही कागदावर राहिले. शाहू छत्रपतींच्या प्रधानाच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' अशी अक्षरे आहेत. महाराष्ट्र मात्र त्यांना पेशवेच म्हणत राहिला. भक्ती आणि जिभेची सवय यांचे नाते इतके सरळ नसते.

आता ज्या नगराच्या नावाने गेली पस्तीस-चाळीस वर्षे महाराष्ट्राचे राजकारण आणि समाजमन ढवळून निघाले, त्याकडे वळू. खाम नदीच्या काठी खडकी नावाचे एक गाव होते. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तेथे नगर वसवले. हा मूळचा हबशी गुलाम, पण कर्तबगारी विलक्षण. मोगलांना त्याने दख्खनमध्ये वर्षानुवर्षे झुंजवत ठेवले, आणि शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांच्या पिढीपासून अनेक मराठा सरदार त्याच निजामशाहीच्या चाकरीत होते. त्याने शहरासाठी जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. तिचे अवशेष आजही पाहता येतात. १६२६ मध्ये अंबर मरण पावल्यावर त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, शहराचे नाव 'फतेहनगर' केले. पुढे मोगलांनी दौलताबाद घेतले, निजामशाही संपली, आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या शहजादा औरंगजेबाने त्याचे 'औरंगाबाद' केले.

सातारचा आझमतारा चार दिवसही टिकला नाही आणि औरंगाबाद मात्र साडेतीनशे वर्षे टिकले, हे का? याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. सातारा आणि पुणे ही नावे ज्या लोकांनी घडवली होती ते लोक तेथेच होते, आणि त्यांचे राज्य पाच-सात वर्षांत परत उभे राहिले. खडकीचे तसे नव्हते. गाव लहान, नगर नवे, आणि त्या नगराची भरभराट ज्या काळात झाली तो काळ मोगल सुभेदारीचा आणि नंतर निजामाचा होता. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला जाईपर्यंत आसफजाही कारभाराचे केंद्र तेथेच होते. महसुलाचे कागद, टांकसाळ, हुंड्या, कारागिरांच्या वस्त्या हे सारे एकाच नावाने चालले. ज्या नावाने बाजार चालतो ते नाव रुजते.

म्हणून 'जुने नाव परत द्या' हा युक्तिवाद या शहरापुरता करताना कार्यकर्त्याने सावध राहिले पाहिजे. या नगराचे जुने नाव खडकी आहे. 'संभाजीनगर' हे जुने नाव नव्हे. ती एक राष्ट्रीय प्रतिष्ठापना आहे, आणि तिचे समर्थन त्याच भूमिकेवरून केले पाहिजे. ज्या बादशहाने १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हालहाल करून हत्या करविली, त्याचेच नाव स्वतंत्र भारतातील मराठवाड्याच्या प्रमुख नगराने का मिरवावे, हा प्रश्न पुरेसा आहे. त्याला प्राचीनतेचा खोटा टेकू लागत नाही. १९८८ पासून लोकांच्या सभांत उच्चारले गेलेले हे नाव २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीने अधिकृत झाले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरवला. स्वतंत्र राष्ट्राला आपल्या नगरांची नावे ठरविण्याचा अधिकार आहे, एवढ्यावर तो निर्णय भक्कमपणे उभा आहे.

आणि त्या निर्णयाबरोबर मलिक अंबराची नहर बुजत नाही, बुजू देऊही नये. अठराव्या शतकातला सूफी कवी सिराज औरंगाबादी याचे टोपणनावही कोणी बदलायला जाऊ नये. ते त्या शहरात जन्मलेल्या माणसाने आपल्या गावाचे नाव अभिमानाने लावले होते. जो समाज आपला इतिहास परत मिळवतो, त्याला दुसऱ्याच्या आठवणी खोडण्याची गरज भासत नसते.

धाराशिवची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि या दोन्ही नावांची एका दमात चर्चा होते तेव्हा नेमका हा फरक हरवतो. हैदराबादचा शेवटचा निझाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून या गावाचे उस्मानाबाद झाले. म्हणजे हा बदल फार जुना नव्हे, विसाव्या शतकातला. गावाजवळची लेणी धाराशिव लेणी म्हणूनच ओळखली जात राहिली. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात, खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी धाराशिव हेच नाव राहिले. १९४८ च्या सप्टेंबरात निझामाचे राज्य गेले. त्याचे नाव मात्र जिल्ह्याच्या कचेरीवर पंचाहत्तर वर्षे तसेच राहिले. जे लोकांनी कधी सोडलेच नव्हते ते २०२३ मध्ये शासनाने मान्य केले. येथे शासनाने नाव दिले असे म्हणण्यापेक्षा शासनाने नाव ऐकले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

मुंबईचेही तसेच. १९९५ मध्ये 'बॉम्बे'चे मुंबई झाले, असे वृत्तपत्रांनी लिहिले. मराठी माणसाच्या दृष्टीने काहीच झाले नाही. तो मुंबादेवीच्या गावाला पिढ्यान्पिढ्या मुंबईच म्हणत होता. फक्त इंग्रजीने आपली चूक सुधारली. त्या वेळी एक युक्तिवाद फार हिरिरीने केला गेला की, पोर्तुगिजांनी या बंदराला 'बॉम बाहिया' म्हणजे उत्तम उपसागर म्हटले आणि त्यावरून बॉम्बे आले, सबब तेच मूळ नाव. परंतु पोर्तुगीज भाषेत उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याचे विशेषण 'बोआ' असे व्हायला हवे. जी चूक लिस्बनमधला शाळकरी मुलगा करणार नाही ती समुद्रावर आयुष्य काढलेल्या दर्यावर्दींनी केली, असे मानणे कठीण आहे.

पण दुसऱ्याच्या व्युत्पत्तीतली चूक दाखवणे सोपे असते. आपल्या घरातल्या व्युत्पत्त्यांचे काय? बंगळूरची कथा पाहा. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेल्या शेंगादाण्यांसारख्या कडधान्याचा घास दिला, आणि त्या 'बेंद काळू'वरून 'बेंदकाळूरु' म्हणजे बंगळूर झाले. कथा गोड आहे. पण शहराजवळच्या बेगूर येथील देवळातल्या वीरगळावर, इसवी सन ८९० च्या सुमाराच्या जुन्या कन्नड लेखात, बंगळूरच्या लढाईचा स्पष्ट उल्लेख आहे. कथेतला राजा त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झाला. गाव आधी, गोष्ट नंतर.

सोलापूर म्हणजे सोळा गावांचे पूर, असे लहानपणापासून सांगितले जाते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या परंपरेत मात्र गावाचे नाव 'सोन्नलगी' असे येते. कन्नड भाषेचा हा वारसा सोलापूरकराने अभिमानाने सांगावा असा आहे. सोळाचा हिशेब जुळवीत बसण्याचे कारण नाही. नाशिकचा संबंध शूर्पणखेच्या नासिकेशी जोडला जातो. प्रभू रामचंद्रांच्या वास्तव्याने ती भूमी पावन झाली, हा श्रद्धेचा विषय आहे आणि श्रद्धेला व्याकरणाची परवानगी लागत नाही. पण इतिहासाच्या बाजूने सांगायचे तर पांडवलेण्यांतील ब्राह्मी लेखातच नासिकच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर कोरलेले नाव आजही जसेच्या तसे उच्चारले जाते, अशी नगरे जगात किती असतील? मोगलांनी त्याचे 'गुलशनाबाद' केले. गुलशन म्हणजे फुलबाग. नावात वाईट काहीच नव्हते. तरी ते गेले आणि नाशिक राहिले, कारण गोदावरीच्या घाटावर येणारा यात्रेकरू गुलशनाबादला येत नव्हता. संकल्प सांगताना आपले पुरोहित गावाचे सरकारी नाव विचारत नाहीत. ते दंडकारण्य म्हणतात, गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतात. राज्ये बदलली, सुभे बदलले; हा पत्ता बदलला नाही.

आता मुख्य प्रश्न. जुने नाव नेहमीच अधिक चांगले असते का?

पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. सातवाहनांच्या त्या राजधानीच्या नावाची ग्रीक रूपे पाश्चात्त्य प्रवासवर्णनांत सापडतात, आणि ती प्रतिष्ठानपेक्षा पैठणच्याच अधिक जवळची आहेत. म्हणजे एवढ्या प्राचीन काळीही बाजारात नाव झिजलेलेच होते. कऱ्हाडचे करहाटक, सोपाऱ्याचे शूर्पारक, तेरचे तगर. उद्या कोणी उठून म्हटले की, पैठणच्या फलकावर प्रतिष्ठान लिहा, तर नाथांच्या वारीला निघालेला वारकरी त्या फलकाखालून जाईल आणि पैठणलाच पोहोचेल. नदीतला गोटा गुळगुळीत होतो, त्याला कोणी पूर्ववत खडबडीत करीत नाही. पुण्याच्या बाबतीत इसवी सनाच्या आठव्या शतकातील राष्ट्रकूट ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पुनक विषय' असे उल्लेख आहेत. त्यामुळे गावाचे प्राचीनत्व सिद्ध होते. गावाचे नाव बदलण्याचे कारण मिळत नाही. झिजणे आणि पुसणे यात फरक आहे. पहिले काळ करतो आणि लोक करतात; दुसरे तलवार करते. आपला विरोध दुसऱ्याला आहे, पहिल्याला नाही.

आणि पुसण्याचे काम कधी कधी आपल्याच हातून, चांगल्या हेतूने होते, हेही मान्य केले पाहिजे. आजचे पुण्याचे शिवाजीनगर म्हणजे जुने भांबुर्डे. महाराजांचे नाव दिले गेले याचा आनंदच आहे. पण भांबुर्डे हेही कोणा आक्रमकाचे नाव नव्हते. ते शेकडो वर्षांचे मराठी गाव होते. आज किती पुणेकरांना ते ठाऊक आहे? प्रत्येक नव्या वस्तीला, प्रत्येक चौकाला, प्रत्येक पुलाला त्याच चार-पाच महापुरुषांची नावे देत गेलो, तर टपालवाल्याची पंचाईत होते ती निराळीच. खरे म्हणजे ओढे, टेकड्या, झाडे, ग्रामदैवते यांच्यावरून पडलेली हजारो देशी नावे त्याखाली गाडली जातात. ती नावे सांगणारे वृद्ध गावोगावी अजून हयात आहेत. एखाद्या शाखेने, एखाद्या शाळेने आपल्या परिसरातील शिवारांची, पाणवठ्यांची नावे वहीत उतरवून घेतली तर ते नामांतराच्या मोर्चापेक्षा कमी मोलाचे काम नव्हे.

अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. येथेही जुन्या नावाचा प्रश्न नव्हता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने भिंगारजवळ ते नगर वसवले, त्याच्याच नावाने ते ओळखले गेले. याच जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या आणि काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट, धर्मशाळा उभारणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आता त्याला मिळाले. लेकीचे नाव माहेराला, इतकी ही गोष्ट सुंदर आहे. परंतु पुण्याच्या एस.टी. स्थानकावर उभे राहून ऐकावे. वाहक पूर्वी काय ओरडत असे? 'नगर, नगर!' अहमद निजामशहाचे नाव बोलणाऱ्यांनी केव्हाच गाळून टाकले होते. विद्यार्थी नगरचा, नवरी नगरची, पाहुणे नगरचे. आता प्रश्न असा की, त्याच सवयीने अहिल्यादेवींचेही नाव गाळले जाणार का?

ही भीती निराधार नाही. बोरीबंदरच्या स्थानकाला व्हिक्टोरिया राणीचे नाव होते आणि मुंबईकर त्याला 'व्ही.टी.' म्हणत असे. १९९६ मध्ये त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि लोक 'सी.एस.टी.' म्हणू लागले. २०१७ मध्ये नावात 'महाराज' हा आदरार्थी शब्द घातला गेला. लोकांनी एक अक्षर वाढवून 'सी.एस.एम.टी.' केले. व्हिक्टोरियाचे नाव दोन अक्षरांत गेले, महाराजांचे चार अक्षरांत जाते. पुण्यात जंगली महाराजांचा रस्ता 'जे.एम. रोड' झाला आहे. त्या रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या तरुणाला हे साधुपुरुष कोण, त्यांची समाधी कोठे, हे विचारून पाहावे.

आणि छत्रपती संभाजीनगरातच असलेल्या विद्यापीठाचे उदाहरण तर अधिक बोचरे आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. ते नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडली. मधल्या सोळा वर्षांत गावोगावी दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, माणसांनी प्राण दिले. ही हिंदू समाजाच्या अंगावरची जखम आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. इतक्या मोलाने मिळालेल्या त्या नावाचा उच्चार विद्यापीठाच्या आवारात कसा होतो? 'बामू'. ज्यांनी नावाला विरोध केला त्यांनी हे केले नाही. ज्यांना नाव हवे होते त्यांच्याच मुलांनी, कोणताही वाईट हेतू मनात न ठेवता, केवळ घाईने केले.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'छ. संभाजीनगर' हे रूप आताच रुळले आहे. जागा वाचते, हे त्याचे कारण. एका अक्षराच्या त्या 'छ'मध्ये छत्रपती हे पद मावले आहे की नाही, हे फलक रंगवणाऱ्याला विचारून कळणार नाही. घरात आजी नातवाला गावाहून आलेल्या पत्राचा पत्ता वाचायला सांगते, तेव्हा तो काय वाचतो आणि ती त्याला पुढे काय सांगते, तेथे ते कळेल.